नाकाला कवेत घेणारा कंस

मला जन्मापासून दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच थांबून कुणाला हळहळायला नको. वडगावच्या विणकराची मी पोर. वीस वर्षांची होते तेव्हा बेळगावातल्या एका टायपिंगच्या क्लासात इंग्रजी मशीनवर बोटं आपटत होते, आणि पिशवीत कायम आम्हा अंधांच्या संघटनेचं एक पत्रक असायचं. मथळा माझाच होता: ‘दया नको, अर्ज घ्या!’

पण माझाच अर्ज कुणी घेत नव्हतं. सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसायचं तर फॉर्मवर क्लासच्या सरांची सही लागायची. परीक्षा नाही तर नोकरीसाठी तोंड उघडायची सोय नाही. आणि सर सही देत नव्हते.

“बोटं चांगली हैत तुझी, तंगी,” सर म्हणायचे. ते घरी कानडी बोलत, म्हणून क्लासातली प्रत्येक मुलगी त्यांची तंगी, धाकटी बहीण. “पण चूक झाली तर शोधणार कोण?”

“तुमच्या ह्या बाकीच्यांना दिसतंय की, सर. त्यांना सापडत्यात व्हय?”

क्लास फिदीफिदी हसायचा. सही काही व्हायची नाही. फॉर्म पिशवीत पत्रकांच्या गठ्ठ्यात चुरगळत चालला होता आणि मुदत संपत आली होती.

त्याच दिवसांत क्लासात एक खूळ शिरलं. माझ्या शेजारच्या मशीनवर सांबऱ्याहून येणारी एक मुलगी बसायची. एकदा ती टाइप करता करता एकटीच खुदखुदायला लागली.

“काय झालं गं?”

“चेहरा काढलाय.”

“टायपिंगवर?”

“व्हय. दोन ठिपके म्हंजे डोळे, बारकी रेघ म्हंजे नाक, आन् कंस म्हंजे तोंड. हसतंय बघ.”

“एकाखाली एक मारलंस?”

“न्हाय, एकाच ओळीत. मशीन आडवंच चालतंय न्हवं? म्हणून चेहराबी आडवा पडलाय.”

“आडवा पडून हसतोय? ताप डोक्यात गेला काय त्याच्या?”

तिला इतकं हसू आलं की स्टुलावरून घसरली. मला मात्र रागच आला. इथेही पहिला मान डोळ्यांनाच! माणूस हसतो तेव्हा मला आधी ऐकू येते ती नाकातून फसकन सुटलेली हवा. डोळे काय करतात कुणास ठाऊक, त्यांचा आवाज होत नाही. मग हसणं डोळ्यांपासून सुरू होतं हे ठरवलं कुणी? त्याच संध्याकाळी यावर पत्रक काढायच्या बेतात मी होते.

पण आधी तिचा कागद हिसकावला आणि उलटा केला. आमची मशीनं म्हातारी, कागद पातळ. अक्षरं पाठीमागे नुसती खरखर उमटवायची, पण पूर्णविराम, ठिपके, रेघा, कंस कागदाला भोसकूनच जायचे. बोट फिरवलं. दोन टोचे. मग एक छोटा बांध. मग एक बाक, आणि त्या बाकानं नाकाला अलगद कवेत घेतलेलं!

“आता रडका काढ.”

तिनं काढला. पुन्हा बोट फिरवलं. ह्या खेपेला बाकानं नाकाकडे पाठ फिरवली होती. कागद सुलट धरा की उलट धरा, फरक पडत नव्हता. कवेत घेतलं तर हसू, पाठ फिरवली तर रडू. मला इतका आनंद झाला की मी मशीनचा दांडा विनाकारण चार वेळा ढकलला. चेहरा कसा दिसतो ते मला आजही माहीत नाही, पण रुसवा म्हणजे पाठ फिरवणं हे मला आईच्या पोटातून बाहेर आल्यापासून माहीत आहे.

पुढे तर कानालाही नाद लागला. मागांच्या खडखडाटात एक धागा तुटला तरी आमच्या आप्पांना ऐकू येतो, त्यांच्या घरात वाढलेला कान हा. ठिपक्यांना आणि कंसाला शिफ्टची कळ दाबावी लागे, ती खट्ट; रेघ नुसतीच टक. बारा मशीनं एकदम वाजत असली तरी त्यात ‘खट्ट-टक, टक, खट्ट-टक’ आलं की मी ओरडायची, “खिडकीजवळचा अण्णा हसला, न्हायतर रडला!” तो बिचारा दचकून कागदच फाडायचा. मीही हसू मारायला लागले. प्रत्येक ओळीनंतर, प्रत्येक पानाखाली. बोटांना व्यसनच लागलं.

आणि मग व्हायचं ते झालं. मुदतीच्या आदल्या दिवशी मी सरांना देण्यासाठी एक जळजळीत अर्ज टाइप केला. सही नाकारणं हा अन्याय आहे, सही मिळेपर्यंत मी तुमच्या पायरीवर बसेन, इथपर्यंत मजकूर पोचला. तावातावानं कागद ओढला आणि थेट सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी वाचला. मग म्हणाले, “धमकी कळली. पण खाली हे एनु, काय हे?”

“द्या इकडं.” कागद उलटा केला, वरून बोट फिरवत तळाशी आले. दोन टोचे, बांध, बाक. “हसू हाय, सर. सवयीनं पडलं. आन् वर मधल्या ओळीत पूर्णविराम दोनदा पडलाय, तोबी खोडा.”

सरांनी कागद ओढून घेतला. “खरंच की,” ते पुटपुटले. मग स्वतःच्या मशीनवर जाऊन त्यांनी काहीतरी ठोकलं आणि कागद माझ्या हातात दिला. “हे हसू मी काढलंय. वाच.”

मी उलटा करून वाचला. पुन्हा वाचला. “सर, हे रडतंय.”

“हॅट! हसतंय.”

“पाठ फिरवलीया नाकाकडं.”

सांबऱ्याची मुलगी वाकून बघायला आली आणि तिच्या नाकातून फसकन हवा सुटली. “व्हय सर, रडतंय. कंस उलटा पडलाय.”

सगळा क्लास टेबलांवर हात आपटायला लागला.

“ठिपके सापडले. पण अक्षरं?” सरांनी शेवटचा दम लावला. “अक्षराची चूक कशी सापडणार?”

“अक्षराची चूक मी करतच न्हाय, सर.”

“लई उद्धट हैस, तंगी,” सर म्हणाले, पण पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज मला आधीच आला होता. मी पिशवीतून चुरगळलेला फॉर्म काढून पुढे केला. तो परत हातात आला तेव्हा उलटा करून सही चाचपली. चांगली दाबून केली होती. क्लास अजून ओरडत होता. सर गरजले, “उद्यापासून हे चेहरे-बिहरे एकदम बंद!”

मी फॉर्म पिशवीत घालते न घालते तोच सरांच्या टेबलावरून आवाज आला. खट्ट-टक, टक, खट्ट-टक.

आता कानाला दोन्ही कंस सारखेच वाजतात. म्हणून मी परत फिरले, टेबलाशी गेले आणि हात पुढे केला.

“आणा सर. तपासते.”