हातीच आणायचा चोथा

टाकाऊ वस्तूवर आमच्या सरांइतका जीव अख्ख्या नागभीडात कुणी लावला नसेल. शाळेत आम्हाला विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि उरलेला सगळा उत्साह त्यांनी कॉफीच्या चोथ्यात ओतला. कॉफी पिऊन चोथा फेकणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी धान टाकून तणीस, म्हणजे नुसता पेंढा, घरी नेणारा. "मोहफुलं येचल्यावर बियाचं तेल काढतोच ना आपण? मंग चोथा काऊन फेकाचा? सारा माल त्यातच राह्यते," असं ते लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या कुणालाही ऐकवत. माल म्हणजे शरीराची झीज रोखणारी द्रव्यं. सरांच्या घरी काकूंच्या पापडाच्या बाजेवर चोथा वाळायचा, मग उकळायचा, गाळायचा, आटवायचा. बरणीच्या तळाशी डिंकासारखा तपकिरी थर उरला की सर दिवसभर खूश. एकदा चहा समजून मी तो काढा प्यायलो, तर माझी विचारपूस कसली, "किती मिली पेला तू?" म्हणत ते वही घेऊन बसले.

आता नागभीड पडलं चहाचं गाव. चोथा यायचा बंगळूरहून, त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या ऑफिसातून. कुरिअरनं पाठवू का असं तिनं म्हटलं की सर निक्षून सांगत, वाटेत बुरशी लागते, हातीच आणावा लागतो. म्हणून दर बुद्धपौर्णिमेला ती पिशवी घेऊन यायची आणि सर पंधरा दिवस आधीपासून बरण्या धुवायचे. पुढे दोन वर्षं तिला रजाच मिळाली नाही.

गेल्या महिन्यात कुरिअर आलं. चोथा खडखडीत वाळवून हवाबंद केलेला. पोरगी बापाचंच शास्त्र पक्कं शिकली होती. सरांनी मला बोलावून घेतलं. भिंग लावलं, वास घेतला, उन्हात पसरून पाहिला.

"एक ठिपका नाई रे बुरशीचा," ते म्हणाले. प्रयोग यशस्वी झाल्यावर इतका पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन आला. सरांनी तो माझ्याच हातात दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले.

"भाऊ, चोथा बरा पोचला ना?" माझा आवाज ओळखून तिनं विचारलं.

न दिसलेलं निरीक्षण लिहिलं म्हणून याच सरांनी मला अख्खी प्रयोगवही पुन्हा लिहायला लावली होती. मी म्हणालो, "नाई बाई. सारी बुरशी लागली."

ती म्हणाली, "बाबाले सांगा, मीच घेऊन येते. रजा भेटली की."

फोन ठेवला. "निरीक्षण बराबर हाये," सर हळूच म्हणाले.

ती अजून यायची आहे. बरण्या मात्र रोज धुतल्या जातात.