बोटभर खुंट

कडुनिंबाची अकरा रोपं मी एका सकाळी खुरप्यानं साफ कापून टाकली, आणि वर पदराला हात पुसत म्हणाले, "झालं निंदून! उगीच घाबरता तुम्ही, चाचा."

हसा, हसा. पडेगावच्या शाळेत नवी मास्तरीण होते मी. चितेगावच्या शेतकऱ्याची लेक. निंदणं-खुरपणं आमच्या रक्तातच आहे, असं येता-जाता ऐकवायचे. खरं सांगू? शेतात मी फक्त भाकरी घेऊन जायचे, आणि त्यातली निम्मी बांधावर बसून मीच खायचे.

चाचा आमच्या शाळेचे शिपाई. भादव्यात गवत रोपांच्या डोक्यावरून गेलेलं असायचं. ते उकिडवे बसत, डावा हात गवतात घालून रोपाचं खोड चाचपत, ते मुठीत धरत, आणि मगच उजव्या हातानं खुरपं उचलत. खोडालगतचं गवत तर नुसत्या बोटांनी. एका झाडाला इतका वेळ! मी कुरकुरले की म्हणत, "पहले झाड ढूंढो, बाई. घास कहां भागी जारी?"

त्या सकाळी माझ्या गवताच्या ढिगातून त्यांनी एकेक शेंडा वेचला आणि ओळीनं मांडून ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मुख्याध्यापक मात्र ओरडले. "दिवाळीच्या सुट्टीआधी ते रोपांचे खड्डे बुजवा. व्हॉलीबॉलला जागा होईल."

"साहब, नीचे जड जिंदा है," चाचा म्हणाले. "दिवाळी तक मेरा जिम्मा."

मग रोज शाळा सुटली की आम्ही दोघं त्या बोटभर खुंटांभोवती बसायचो. गवत काढायचं, तेच आळ्यात अंथरायचं, म्हणजे ओल टिकते. रस्त्यानं जाणाऱ्या बाया विचारायच्या, "काय वो बाई, काड्यांची लई निगा चाललीय?" माझी मान खाली. चाचा तिथूनच ठणकावायचे, "काडी नाय, लिंब हाय!"

तिसऱ्या आठवड्यात एका खुंटाला तांबूस कोंब दिसला. मी अशी किंचाळले, की साप निघाला समजून मुख्याध्यापक काठी घेऊन आले.

पुढं चाचांना तापानं धरलं. मी एकटीच बसायला लागले. डावा हात आधी, खुरपं नंतर. सुट्टीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक बघायला आले. नऊ खुंट फुटले होते. त्यांनी चष्मा पुसला, आणि व्हॉलीबॉलची जाळी मागच्या अंगाला बांधायला सांगितली.

त्या तापातून चाचा उठले नाहीत. पण त्या संध्याकाळी शुद्धीवर होते. मी धापा टाकत त्यांच्या घरी गेले, खाटेशी बसले, नऊ फुटल्याचं सांगितलं, आणि शाबासकीची वाट बघत राहिले. त्यांनी डोळे उघडले.

"नौ आए? तो दो बाकी हैं ना, बाई. मेरे कने क्या बैठे तुम? जाओ, उनकी घास काढो."