पास्कलकाकांचा स्टोव्ह

पास्कलकाका पहिल्यांदा आमच्याकडे आले ते घरात आलेच नाहीत. गाडीतून उतरून थेट मागच्या अंगणात गेले, माझ्या ढिगातली दोन लाकडं उचलली आणि कानाशी धरून एकमेकांवर आपटली. मी आपला दारात स्वागताला उभा. "ओली आहेत," ते म्हणाले, "ही जळायची नाहीत, नुसती रडतील. सुकं लाकूड कसं टणकन वाजतं." मग त्यांनी माझं नाव विचारलं.

काका मूळचे वसईचे. इथे कॅनडात, केंब्रिजच्या एका कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले, पण त्यांची तपासणी काही रिटायर झाली नाही. टोमॅटोसुद्धा ते उजेडाकडे धरून बघत. "घाई कशाला? आधी पारखून घेऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लुसीकाकू म्हणायच्या, "मला बघायला आला तेव्हा पण हेच बोलला. माझ्या बापाने चहाचा कप परत आत नेला!"

एका हिवाळ्यात वादळाने वीज गेली, हीटिंग बंद पडलं आणि गावाबाहेर राहणाऱ्या या दोघांना दिवसभर गाडीत हीटर लावून बसावं लागलं. काकूंनी गाडीतच जाहीर केलं, "घरात चूल आल्याशिवाय पुढचा विंटर मी इथे काढणार नाही." आणि पुढच्या वर्षी थंडीची चाहूल लागताच त्या खरोखरच ओकव्हिलला लेकीच्या फ्लॅटवर जाऊन राहिल्या.

काकांचं घोडं एकाच जागी अडलं होतं. लाकडाचा स्टोव्ह कॅटॅलिटिक घ्यावा की साधा? कॅटॅलिटिकमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. धूर तिच्यातून जाताना पुन्हा जळतो, लाकूड कमी लागतं आणि ऊब सकाळपर्यंत टिकते. पण जाळीचे फार लाड करावे लागतात. साध्याला लाड नकोत, ज्वाळाही बघत राहावी अशी, पण पहाटे उठून लाकूड घालावं लागतं. दर शनिवारी काका मला दुकानात नेत, दोन्ही स्टोव्हची दारं उघडून-लावून बघत आणि "पुढच्या आठवड्यात डिसाइड करू" म्हणून परत फिरत. आम्ही दिसलो की विक्रेता स्टोअररूममध्ये गडप व्हायचा.

बर्फ पडायला लागला. एकट्याने जेवण जाईना म्हणून काका आमच्याकडे येत आणि भात चिवडत बसत. "तिकडे सगळं गरम आहे," एकदा ते म्हणाले. "आता ती कशाला परत येते?" हा माणूस घाबरलाय, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

तिकडे काकूंचंही बरं चाललं नव्हतं. "सुका बोंबील भाजला नुसता," त्या मला फोनवर म्हणाल्या, "तर फायर अलार्म! अख्खी बिल्डिंग गाउनवर खाली. लेक बोलते, मम्मी, नेव्हर अगेन." पण एकदा जाहीर केल्यावर माघार कशी घेणार? शेवटी एका शनिवारी लेकीला गाडी काढायला लावून त्या स्वतःच दुकानात हजर झाल्या.

काका जाळीचे फायदे सांगू लागले. काकूंनी त्यांना हातानेच थांबवलं आणि विक्रेत्याला विचारलं, "व्हिच वन फॉर ड्राय फिश?"

बिचारा आधी गोंधळला. मग त्याने सांगितलं की कॅटॅलिटिकमध्ये फक्त स्वच्छ, सुकं लाकूड घालायचं. खारट काही जळलं तर जाळी खराब होते, आणि दारही सारखं उघडायचं नाही. साध्या स्टोव्हच्या निखाऱ्यावर लोक मार्शमेलो भाजतात, मासा कोणी भाजल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. काकांनी आयुष्यभर इतकं काय काय तपासलं, पण बोंबलाचा मुद्दा राहूनच गेला होता!

"साधाच दे," काकू म्हणाल्या.

"बट डॅडी, पहाटे कोण वेक अप होणार?" लेकीने विचारलं.

"मी," काका म्हणाले. "मॉर्निंग शिफ्टचा माणूस आहे मी." कित्येक आठवड्यांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

स्टोव्ह बसला त्या दिवशी काकू घरी आल्या. पुढचे सगळे हिवाळे काका पहाटे उठून लाकूड घालत, आणि काकू उठेपर्यंत घर उबदार झालेलं असे.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. येत्या हिवाळ्याचं लाकूड तेवढं रचून ठेवलं होतं. आता ऑफिसला जाण्याआधी मीच काकूंकडे डोकावतो. परवा लाकूड आत घालताना नकळत दोन तुकडे कानाशी धरून एकमेकांवर आपटले. टणकन वाजले.

निखाऱ्यावरचा बोंबील उलटता उलटता काकू माझ्यावर खेकसल्या, "परत कशाला तपासतोस? पास्कूने ओके केलीयत ती."