असर्टच्या कंसातलं काम

माझ्या गाळ्यात आज तीन इंजिनिअर कोड लिहितात. तिघेही हुशार आहेत आणि तिघांपैकी एकही माझ्याशी भांडत नाही. मी म्हणालो ही ओळ काढा, की काढतात. मी म्हणालो परत घाला, की घालतात. सहा वर्षं झाली, या गाळ्यात मला कुणी तोंडावर चूक म्हटलेलं नाही. आधी मला ही चैन वाटली.

भांडायच्या त्या ताई. चिंचणीच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. पालघरला डिप्लोमा करून बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मीटर दुरुस्त करत होत्या, तिथून मी त्यांना फोडून आणलं. मी स्वतः मासवणचा. घरची जमीन पावसावरची. मी वायरमनच्या हाताखाली हात काळे करत शिकलो आणि मग कंट्रोलर बनवायला लागलो. कापड रंगवायच्या मशीनला पाणी किती घ्यायचं, किती तापवायचं, कधी सोडायचं हे सांगणारी ती पत्र्याची पेटी. गिऱ्हाईक मी आणायचो, भाव मी ठरवायचो, वायरी मी ओढायचो. पेटीतल्या चिपमध्ये जो प्रोग्राम जायचा तो ताईंचा. अडल्यानडल्याला मीही त्यात हात घालायचो, कारण आपल्या धंद्यातली एखादी गोष्ट आपल्याला येत नाही हे मला सहन होत नाही.

ताईंच्या कोडात दर चार-पाच ओळींनी एक असर्ट असायचा. असर्ट म्हणजे कोडातली खात्री करून घेणारी ओळ. कंसात आपण लिहायचं की या क्षणी अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे. खरी असेल तर प्रोग्राम गुपचूप पुढे जातो. खोटी निघाली तर तिथल्या तिथे थांबतो आणि कुठल्या फाईलमध्ये, कितव्या ओळीवर थांबला ते सांगतो. मला ही गोष्ट पहिल्यांदा समजावली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी आय बाजारात मासळी घेते तेव्हा काय करते? कल्ला उचलून बघते. विकणारी सख्खी बहीण असली तरी बघते. त्यात राग नाय धरायचा कोनी."

"आणि कल्ला पांढरा निघाला तर?"

"तर टोपली तिथंच ठेवायची. घरी नेऊन रश्शात नाय शोधायचं वास कशाचा येतो."

त्यांच्या असर्टला जोडलेले निरोपही त्यांच्याच बोलीत असत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. वाफेचा व्हॉल्व्ह बंद असताना तापमान चढायला लागलं की माझ्या लॅपटॉपवर उमटायचं, 'आग कोनी लावली?' एकदा एका गुजराती गिऱ्हाइकानं मला विचारलं की ही कुठली भाषा आहे. मी म्हणालो, जर्मन.

दुपारी आम्ही डबे एकाच टेबलावर उघडायचो. त्यांच्या डब्यात सुका बोंबील असला की माझी भाजी तशीच राहायची. जेवता जेवता भांडण सुरू व्हायचं आणि ते नेहमी एकाच गोष्टीवर यायचं. असर्ट हा मॅक्रो असतो. कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेला कोड चिपला समजेल असा करून घेताना, एक शब्द दिला की सगळे असर्ट एका फटक्यात गायब होतात, जणू कधी लिहिलेच नव्हते. जगात बरेच जण असंच करतात. गाळ्यात तपासताना चालू, गिऱ्हाइकाकडे जाताना बंद. माझंही तेच म्हणणं होतं. ताई म्हणायच्या, "बंदरात होडी तपासायची आन् समिंद्रात जाताना डोळे मिटायचे? शेठ, हे कुठलं शहाणपण?" मला शेठ फक्त त्याच म्हणायच्या, आणि मला टोचावं म्हणूनच म्हणायच्या. नऊ वर्षं मी हरत आलो आणि आमच्या पेट्या असर्ट चालू ठेवूनच बाहेर गेल्या.

मग तारापूरच्या बाजूच्या एका रंगाई कारखान्याचं काम आलं. मोठं काम. तिथलं मशीन दिवसातून दोन-तीनदा थांबायला लागलं. ताईंनी जाऊन बघितलं. तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर वाफेनं खाल्ली होती, मध्येच वेडंवाकडं वाचन यायचं आणि असर्ट मशीन थांबवायचा. त्या म्हणाल्या, वायर बदला, अर्धा दिवस मशीन बंद राहील. मालक अर्धा तासही द्यायला तयार नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, दुसऱ्या लोकांच्या पेट्या अशा थांबत नाहीत. हे वाक्य मी आयुष्यात कुणाकडून ऐकून घेतलेलं नाही. मी म्हणालो, उद्या सकाळपासून थांबलं तर पेटी उचलून परत नेईन.

सकाळी गाळ्यात मी असर्ट बंद करणारा तो शब्द टाकला. ताई मागे उभ्या होत्या.

"बंद करायचंच हाय तर आधी इथं बादलीभर पाण्यावर चालवून बघू. तासाचं काम हाय."

"तास नाहीये माझ्याकडे."

"मग माझी मंजुरी नाय."

"मागितली कोणी?"

तरी त्या माझ्याबरोबर आल्या. मी चिप बदलली, मशीन सुरू झालं, मालकानं चहा मागवला. कप खाली ठेवायच्या आत ऑपरेटर धावत आला. "सेठ, पानी चढ़ता ही जा रहा है, और डिब्बे में आधी टंकी दिखा रहा है." आम्ही पोचलो तेव्हा टाकीच्या काठावरून गरम लाल पाणी फरशीवर येत होतं. मी मालकाशी बोलत राहिलो. ताई त्या पाण्यातून गेल्या आणि हाताचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. कुणी भाजलं नाही ते नशीब. कापडाचा आख्खा घाणा वाया गेला.

कारण पंधरा मिनिटांत सापडलं. टाकीतली पातळी वाचायची जी कामाची ओळ, तीच एका असर्टच्या कंसात लिहिलेली होती. पातळी वाच आणि वाचन नीट झालं याची खात्री कर, दोन्ही एकत्र. असर्ट बंद केल्यावर खात्री गेली आणि तिच्याबरोबर वाचणंही गेलं. प्रोग्रामला पातळी सापडलीच नाही, म्हणून तो सुरुवातीला दिलेला निम्म्या टाकीचा आकडा धरून बसला आणि पाणी घेत राहिला. असर्टच्या कंसात काम ठेवू नये, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मालक माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "कोड बाईंचा आहे. असर्टचा हट्टही त्यांचाच."

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. असर्ट परत चालू करून दिले, वायर बदलली, दुपारपर्यंत मशीन चालू झालं. दुसऱ्या दिवशी गाळ्याची किल्ली शेजारच्या लेथवाल्याकडे ठेवून गेल्या. मी फोन केला नाही. चूक त्यांची, जाणार त्या, आणि फोन मी करायचा?

सहा वर्षं मी हेच सांगत फिरलो. नऊ वर्षं बरोबर काम केलं आणि एका वाक्यावरून गेल्या, असं. ऐकणारे मान हलवायचे. मी सांगायचा थांबलो की दुपारी डबा उघडताना पुन्हा मनात तेच सुरू व्हायचं, आणि टेबलावर बोंबलाचा वास नसायचा.

मागच्या महिन्यात त्याच मॉडेलची एक जुनी पेटी दुरुस्तीला आली. तिचा कोड माझ्या माणसांना सापडेना, म्हणून मी ताईंचे पेनड्राईव्ह काढले. दर शनिवारी घरी जायच्या आधी त्या आख्ख्या कोडाची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत. मी त्या दुर्घटनेच्या आधीचे फोल्डर एकेक करून उघडत मागे गेलो. पातळीची ओळ शोधत होतो, खरं सांगायचं तर माझा दावा पक्का करायला.

एका शनिवारी पातळी वाचायची ओळ वेगळी होती आणि असर्टची तिच्याखाली वेगळी. पुढच्या शनिवारी दोन्हींची एक झाली होती. मधल्या आठवड्यात ताई गाळ्यात नव्हत्या, थेट शनिवारी परत आल्या होत्या. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

मला ते टेबल आठवलं, पंखा आठवला. त्या वर्षी मी घासाघीस करून चिपचा एक लॉट उचलला होता, कमी जागेच्या चिपचा, आणि फार खूश होतो. प्रोग्राम त्यात मावेना. ताई नाहीत म्हणून मीच बसलो आणि जिथे दोन ओळी दिसल्या तिथे एक करता येते का ते बघत गेलो. चिपशीही मी भाव केला. काही बाइट वाचले, प्रोग्राम मावला, आणि आपल्याला हेही येतं म्हणून त्या दिवशी छाती फुगवून घरी गेलो होतो.

रविवारी मोटरसायकल काढली ती वाणगाववरून थेट चिंचणी. ताई घरामागे वलांडीवर, आडव्या बांबूंवर वाळत टाकलेले बोंबील पालटत होत्या. आता त्या वाणगावजवळच्या एका बर्फाच्या कारखान्याची पॅनेलं बघतात, सुट्टीला आईला मदत. केस बरेच पांढरे झालेत. मला बघून म्हणाल्या, "शेठ, सावलीत तरी उभे राहा."

मी दोन कागद छापून नेले होते. त्यांनी हात पुसले, पण कागद घेतले नाहीत.

"मला म्हायत हाय."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. पेनड्राईव्ह घरी नेऊन शनिवारच्या प्रती बघितल्या, सकाळी परत ठेवले."

"मग बोलला का नाहीत? एक फोन करायचात. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

माझा आवाज चढला होता. त्यांच्या आईनं ओटीवरून मान वर केली. ताई बोंबलाची एक जोडी सरळ करत म्हणाल्या, "तुमी विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमी विचारलं नाय. तुमी सांगितलं. त्या मानसासमोर सांगितलं."

मी म्हणालो, चूक माझी, हवं ते मागा, पण परत या. त्या म्हणाल्या, "मला काय नको. ज्याच्यासमोर बोललात त्याच्यासमोर जाऊन खरं सांगा."

सोमवारी मी त्या रंगाई कारखान्यात गेलो. मालक जाड झालाय, केबिन नवीन आहे. मी म्हणालो, सहा वर्षांपूर्वी टाकी वाहिली, ती चूक बाईंची नव्हती, माझी होती.

"कोण बाई?"

"माझ्याबरोबर यायच्या त्या."

"अच्छा, अच्छा. जाऊ द्या हो, जुनी गोष्ट. चहा घेणार?"

माझं डोकं फिरलं. ज्या वाक्यापायी मी सहा वर्षं घालवली ते या माणसाच्या लक्षातही नव्हतं. मी म्हणालो, चहा नको, ऐकून घ्या. आणि त्याला बसवून असर्ट म्हणजे काय इथपासून सगळं सांगितलं, शनिवारच्या दोन प्रती टेबलावर ठेवून कुठली ओळ कुणाची ते बोट ठेवून दाखवलं. तो दोनदा घड्याळाकडे बघून गेला. मी थांबलो नाही. शेवटी तो म्हणाला, "बरं बाबा, बाईंची चूक नव्हती. झालं?"

गेटाबाहेर येऊन मी ताईंना फोन लावला. त्या बाजारात आईबरोबर होत्या.

"सांगितलं," मी म्हणालो. "त्याला तुम्ही आठवतही नव्हता."

"मला वाटलंच होतं."

"मग पाठवलंत कशाला?"

"त्याच्यासाठी नाय पाठवलं."

एक ट्रक गेला, त्याचा आवाज जाईपर्यंत मी थांबलो. मग विचारलं, "येता?"

"नाय शेठ. इथं बरं हाय माझं."

"आठवड्यातून एक दिवस."

"नाय."

"महिन्यातून एक. नुसतं यायचं, बघायचं, शिव्या घालायच्या आणि जायचं."

त्या हसल्या. हो म्हणाल्या नाहीत. माझा भाव तिथे संपला, त्याच्या खाली मला उतरता येईना. पलीकडे कुणीतरी पाटीत मासळी ओतत होतं, त्यांची आई कुणाशी तरी हुज्जत घालत होती, आणि ताई फोन ठेवत नव्हत्या. मीही ठेवला नाही. त्यांनी ठेवला तेव्हाच तो बंद झाला.