रशिदानं वगळलेला शब्द

रशिदा नदाफ एका जागी बसायची नाही. दूधसंघाच्या पशुवैद्यकीय विभागात आम्ही एकाच खोलीत कामाला होतो. संगणकाला काम लावलं की ती खिडकीपर्यंत जायची, परत येऊन पडद्यावर डोकावायची, पुन्हा खिडकी. वडील ख्वाजाभाई गाद्या भरायचे. पोरीनं बी.कॉम.नंतर संगणकाचा कोर्स केला आणि १९८७ साली ती इथं लागली.

खेडोपाडी फिरणारे डॉक्टर तपासलेल्या प्रत्येक जनावराबद्दल चिठ्ठीवर दोन ओळी शेरा लिहीत. रशिदा तो टाइप करायची. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. एका फायलीत जनावर आणि मालक, दुसरीत शेरे, आणि दोन्ही फायली जनावराच्या नंबरानं जोडलेल्या. दीड वर्षात अकरा हजार शेरे झाले.

१९८८च्या ऑगस्टमध्ये आमचे मोठे डॉक्टर हंबीरराव चौगुले घाईत आत आले. "रशिदा, गडहिंग्लज भागात गाभण म्हशी गाभडायला लागल्यात, दिवस भरायच्या आधीच रेडकं पडतायत. मागं कुठं कुठं असं झालंय, काढून दे."

तिनं लगेच शोधायला घेतलं. पण यंत्र पहिल्या शेऱ्यापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचत बसे. एका शब्दाला चाळीस मिनिटं. त्यात एका डॉक्टरानं लिहिलेलं 'गाभडली', दुसऱ्यानं 'गाभटली', तिसऱ्यानं 'रेडकू पडलं'. प्रत्येकासाठी नवी फेरी. तिसरी फेरी अर्ध्यावर असताना वीज गेली. रशिदानं टेबलावर हात आपटला.

"हे असं न्हाय चालायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं तिसरी फाईल केली. प्रत्येक शेऱ्यातले शब्द सुटे करायचे, एकेक शब्द आणि त्याच्यापुढं शेऱ्याचा नंबर, सगळं अक्षरक्रमानं. म्हणजे यंत्रानं थेट त्या शब्दावर जायचं. एकाच अर्थाच्या शब्दांना तिनं एकच खूण दिली. डिस्कवर जागा कमी, म्हणून जिकडंतिकडं येणारे शब्द तिनं वगळले: म्हैस, गाय, आहे, दिले, रेडा. शब्द फोडायलाच तीन दिवस गेले.

मग मात्र सव्वीस म्हशींची नावनिशी पाच-सात सेकंदांत पडद्यावर आली. चौगुले डॉक्टर हसले. "आता ह्या सव्वीस जणींच्या आधीच्या शेऱ्यांत सारखं काय सापडतंय बघ."

ताप, लाळ, जुलाब. कुठं दोन, कुठं तीन. एकही शब्द ठळकपणे वर येईना. डॉक्टर चारा-पाणी तपासायला निघून गेले. रशिदा मात्र दिवसभर तीच यादी छापत राहिली. जेवणाचा डबा तसाच परत जाऊ लागला. "काहीतरी राहिलंय," एवढंच म्हणायची.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिनं वगळलेल्या शब्दांचा कागद काढला आणि मला मोठ्यानं वाचून दाखवला. 'रेडा'पाशी थांबली.

"हा का टाकला मी?"

"सगळीकडं येतो म्हणून," मी म्हणालो.

"पण ह्या सव्वीसांत किती येतो, ते कुठं बघितलं आपण?"

तिनं तेवढा शब्द परत घातला. सव्वीसातल्या एकवीस म्हशी गाभण राहण्यासाठी रेड्याकडं नेलेल्या. त्या भागात बाकीच्या म्हशींना बहुतेक इंजेक्शननंच, म्हणजे कृत्रिम रेतनानं, भरवलेलं. रेडा पाचात एकीला. तिनं तालुक्याच्या दवाखान्यात फोन करून डॉक्टरांना गाठलं. त्यांनी घरोघर विचारलं, तर बहुतेकींचा रेडा एकच निघाला: त्याच भागातल्या सयाजीचा. रेड्याचं रक्त तपासलं, त्यात गाभ पाडणारा, माणसांनाही लागणारा रोग सापडला.

"माझ्या रेड्याला नावं ठेवताय व्हय? धा गावं येत्यात माझ्याकडं!" सयाजी ओरडला. दोन दिवस भांडला, मग त्यानं रेडा वेगळा बांधला.

पण मधल्या त्या चार दिवसांत चिमणाबाई नावाच्या विधवा बाईंनी आपली म्हैस त्याच रेड्याकडं नेली होती. ते कळताच रशिदा एस.टी.नं तिथं गेली. मीही सोबत गेलो. गोठ्याच्या दारातच तिनं सांगून टाकलं, "आक्का, माझ्याकडनं एक शब्द राहिला. न्हायतर तुमाला आधीच कळलं असतं."

चिमणाबाईंनी हातातली वैरण खाली ठेवली. "मग आता मी काय करू, ते सांग की."

"हिला तुमच्या दुसऱ्या दोन म्हशींपासनं लांब बांधा. दूध उकळल्याबिगर कुणी पिऊ नका. आणि रेडकू पडलंच तर उघड्या हातानं शिवू नका. खड्डा काढून पुरा, वर चुना टाका."

मार्चमध्ये चिमणाबाईंची म्हैस गाभडली, सातव्या महिन्यात. रशिदानं सांगितलं तसंच त्यांनी केलं होतं. दुसऱ्या दोन म्हशींच्या रक्तात काही निघालं नाही. डॉक्टरांची ह्या म्हशींबद्दलची चिठ्ठी आली तेव्हा रशिदानं ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. स्वतः टाइप केली, दोनदा वाचली. त्या दोघींचं रक्त बरं निघालंय, हे सांगायला तिनं तालुक्याला फोन लावून चिमणाबाईंना निरोप धाडला.