जमिनीवर सगळं ठीक

विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये त्यांना सगळे टेस्टरकाका म्हणत. एकतीस वर्षं विमानांच्या वायरिंगमध्ये घालवलेला माणूस. घरातला मिक्सर मात्र वर्षभर बंद. "विमानं उडवता, जरा चटणीचंही बघा," बायको म्हणायची.

एका विमानाची तक्रार चौथ्यांदा आली होती: समुद्रावर असताना सॅटेलाइट फोन मध्येच मरतो. काकांना दुखणं कळलं होतं. उडताना वीज एका इंजिनाच्या जनरेटरवरून दुसऱ्याच्या जनरेटरवर जाते, तेव्हा ती बदलणाऱ्या झिजलेल्या रिलेमुळे दाब क्षणभर घसरतो. दिवे नुसते लुकलुकतात. फोनचं यंत्र मात्र बंद पडतं, नव्याने सुरू होतं आणि उपग्रह शोधण्यात दहा-बारा मिनिटं घालवतं. पण हँगरमध्ये तपासणी व्हायची ती बाहेरच्या गाडीची वीज जोडून. ती वीज गुणी, एकसारखी. डॉक्टरसमोर बसलं की दाढ दुखायची थांबते, तसं यंत्र हिरवा दिवा दाखवायचं.

"साहेब, इंजिनं चालू करून बघू द्या. अर्धा तास."

"काका, दोन तासांत उड्डाण आहे. दिवा हिरवा आहे ना? मग झालं!"

पालथ्या घड्यावर पाणी. त्या उड्डाणावर काकांची थोरली मुलगी हवाईसेविका होती. विमान काही पडणार नाही, त्यांनी मनाला समजावलं, फोनच तर जाईल. निवृत्तीला सात महिने उरले होते. 'तपासले, दोष आढळला नाही', असं विमानाच्या नोंदवहीत लिहून त्यांनी सही केली. भांडायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी घरी आली आणि बूट न काढताच खुर्चीत बसली.

"बाबा, एका आजोबांच्या छातीत कळ आली. औषधांच्या पेटीत इंजेक्शन होतं, पण जमिनीवरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय देता येत नाही. कॅप्टन फोनवर बोलायला लागले आणि दिवे लुकलुकले. फोन गेला. रेडिओवर नुसती खरखर. अकरा मिनिटं, बाबा. आजोबा माझा हात धरून होते. फोन लागला तेव्हा विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं."

काका पाणी आणायला उठले.

"नोंदवहीतली तुमची सही मी बघितली," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही."

तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं त्यांना फार वाटलं. ती शांतपणे बूट सोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी तेच विमान पाचव्यांदा आलं. बाहेरची वीज जोडली. दिवा हिरवा लागला. काकांनी पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही, साहेब."

साहेबांनी शेजारच्या वायरमनला हाक मारली. त्याने सही केली, आणि विमान वेळेवर सुटलं.