उभ्याने खाणारी बाई

माझ्या भावजयीने, रोवेनाने, चार महिन्यांत सव्वीस पौंड वजन उतरवलं. ते कसं उतरलं याबद्दल आमच्या मिसुरीतल्या या एवढ्याशा गावात प्रत्येकाचं मत आहे आणि प्रत्येकाचं चुकीचं आहे. खरं काय ते मी सांगते. शांतपणे सांग असं मात्र मला कोणी म्हणू नये. बावीस वर्षं मी इथल्या शाळेत तीनशे पोरांना दुपारचं जेवण रांधून घातलंय, आवाज चढवल्याशिवाय बोलायची मला सवय नाही.

माझा भाऊ ड्वाइट आपली मुलं त्या शाळेत पाठवत नाही. "तिथे पोरांची डोकीही बिघडतात आणि पोटंही," असं तो माझ्या तोंडावर म्हणतो, तेही मी केलेला केक खाता खाता. म्हणून चारही मुलं घरीच शिकतात. शिकवतं कोण? ड्वाइट सकाळी साडेसहाला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात जातो. शिकवते रोवेना. स्वयंपाकघरातलं टेबल हीच शाळा. थोरली तबिथा तेरा वर्षांची, मग एझ्रा, मग ज्युडिथ, आणि शेंडेफळ मायका चार वर्षांचा. या घरात हाताला लागेल त्याचा धडा होतो. अपूर्णांक शिकायचे बिस्किटं मोडून. बेरीज करायची चॉकलेटच्या गोळ्यांनी. ज्वालामुखी करायचा तोही केकचा. धडा संपल्यावर ती मोडलेली बिस्किटं आणि तो विझलेला ज्वालामुखी जायचा कुठे, हे कोणी विचारलं नाही. अन्न टाकणं त्या घरात पाप आहे. ते जायचं रोवेनाच्या पोटात.

जानेवारीत दवाखान्यातल्या बाईंनी तिला सांगितलं की रक्तात साखर वाढली आहे, वजन उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील. तिने मला फोन केला तेव्हा ती गाडीतच बसून होती.

"फ्रीडा, माझ्या आईचा पाय त्रेपन्नाव्या वर्षी काढला," ती म्हणाली. "मी एक्केचाळीसची आहे. मायका चार वर्षांचा आहे. मी हिशेब केला."

"हिशेब कसले करतेस? घरी जा आणि ती बिस्किटं कोंबड्यांना घाल," मी म्हटलं. सोपं होतं माझ्यासाठी. तोंड चालवायचं होतं फक्त.

आता मार्लिसबद्दल. मुलांना घरी शिकवणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या आयांचा एक गट आहे. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात त्या जमतात. जिला जे येतं ते ती सगळ्यांच्या मुलांना शिकवते. कोणी व्हायोलिन, कोणी लॅटिन. गटाची सर्वेसर्वा मार्लिस केंपर. पुढच्या वर्षी कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, ती यादी मार्लिसच्या पर्समध्ये. तबिथाला रसायनशास्त्राचं वेड आहे आणि गटातल्या एका आईने आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलंय. ती पुढच्या वर्षी मोठ्या मुलांचा वर्ग घेणार होती. म्हणजे तबिथाच्या नाड्या मार्लिसच्या हातात. या गटातली प्रत्येक बाई काही ना काही विकते, कोणी तेलं, कोणी साबण. मार्लिस वजन उतरवायची पावडर विकते.

रोवेनाचं दवाखान्याचं तिला कळलं आणि दुसऱ्याच दिवशी ती डबा घेऊन दारात हजर.

"अगं, सकाळी एक ग्लास, दुपारी एक ग्लास, बस्स. जेवायला बसायचीसुद्धा गरज नाही. तुला तरी कुठे वेळ असतो!"

रोवेनाने ती पावडर नऊ दिवस घेतली. आणि मुलांची ताटंही चाटूनपुसून खाल्ली, कारण ते तिच्या लेखी खाणं नव्हतंच, ती आवराआवर होती. दहाव्या दिवशी काट्यावर दोन पौंड जास्त. तिने डबा वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर ढकलून दिला आणि कोणाला काही बोलली नाही.

त्याच सुमारास गटाने मोठ्या मुलांना निसर्गवही करायला सांगितली होती. एक जिवंत प्राणी निवडायचा, चार आठवडे रोज पाहायचा, काय दिसलं ते वेळेसकट लिहायचं, चित्र काढायचं. आपलं मत घालायचं नाही, फक्त दिसलं तेच. जानेवारीत बाहेर दिसणार काय? कोणी खिडकीतला लाल पक्षी निवडला, कोणी डबक्यातलं कासव निवडलं आणि ते चार आठवडे झोपूनच राहिलं. तबिथाने आई निवडली.

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. आई जिवंत आहे, रोज दिसते, आणि पाहायला बर्फात जावं लागत नाही. अशी चूक फक्त घरी शिकणारं पोर करू शकतं. त्यांना जगातलं सगळंच धडा वाटतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रोवेनाने मला बोलावून घेतलं. ती टेबलाशी वही पुढ्यात घेऊन बसली होती. रडत नव्हती. तिचे कान लाल झाले होते, आणि सोळा वर्षांत मी तिचे कान कधी तसे पाहिले नव्हते.

"हे वाच. शेवटचं पान तेवढं," ती म्हणाली.

तबिथाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'निष्कर्ष. अठ्ठावीस दिवसांत प्राणी जेवायला एकदाही बसला नाही. प्राणी ओट्याशी उभा राहून इतरांच्या ताटातलं उरलेलं खातो. प्राण्याला स्वतःचं ताट नाही.'

मी वही चाळायला हात पुढे केला. रोवेनाने ती मिटून घेतली. बाकीची पानं तिने मला का दाखवली नाहीत, ते मला पुढे कळलं.

"नाही म्हणजे, मी बसत असेन ना कधीतरी?" तिने विचारलं.

मी आठवायला लागले. दर रविवारी मी त्या टेबलाशी जेवले आहे. तिची खुर्ची मला आठवते, खुर्चीवर टाकलेला तिचा टॉवेल आठवतो, पण ती बसलेली आठवेना. मला इतका संताप आला की काय करावं सुचेना. सोळा वर्षं! गोठ्यातल्या जनावरालासुद्धा त्याची गव्हाण असते!

दुसऱ्या दिवशी रोवेनाने कपाटातून एक निळं ताट काढलं आणि त्यामागे 'आई' अशी पट्टी चिकटवली. बारा ते साडेबारा शाळा बंद, ओटा बंद, आई बसलेली. कोणाला काही हवं असेल तर पाय आहेत. ताटात दोन अंडी, कोबी, घेवड्याच्या शेंगा, कधी चिकनचा तुकडा, एक पाव. मुलांचं उरलेलं कोंबड्यांना. चॉकलेटच्या गोळ्यांच्या जागी बेरजेला राजम्याचे दाणे आले, तेव्हा ज्युडिथने भोकाड पसरलं, आणि गणित मात्र तिचं सुधारलं, कारण राजमा कोणी मध्येच खात नाही. संध्याकाळी सगळी वरात कालव्यापर्यंत चालायला. एझ्रा पावलं मोजायचा, तो त्याचा गुणाकार.

ड्वाइटला हे मानवलं नाही. "ही काय नवी टूम? माणूस दमून घरी येतो आणि ग्रेव्ही स्वतः आणायची?" आणि रात्रीच्या जेवणाला तो वाडगं उंच धरून बसायचा, शब्द न बोलता, जोपर्यंत रोवेना उठत नाही तोपर्यंत. दुपार तिने जिंकली होती. रात्री ती अजून उठायची, आणि रविवारीही.

मे महिन्यात दवाखान्यातल्या बाईंनी साखर तपासली. खाली आली होती. रोवेनाने तो कागद फ्रीजवर लावला. मी तिला मिठी मारली तर माझे हात तिच्या पाठीमागे एकमेकांना लागले.

त्याच महिन्यात गटाचा वार्षिक कार्यक्रम होता, शनिवारी दुपारी, चर्चच्या तळघरात. साठेक माणसं, चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीचे आठ ट्रे, मुलांची चित्रं भिंतीवर. पहिल्याच रांगेत ड्वाइट, रोवेना, मी. आणि मुलांच्या आधी बोलायला उभी राहिली मार्लिस. हातात रोवेनाचा नाताळातला फोटो, मोठा करून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. गुलाबी स्वेटर, तोंडात घास, कोणीतरी बाजूने नकळत काढलेला.

"ही तेव्हाची आपली रोवेना," मार्लिस म्हणाली. "आणि आज बघा! रोवेना, उभी राहा ना गं. नऊच दिवस झाले होते पावडर सुरू करून, तेव्हाच मला हिच्यात फरक दिसला होता. डबे मागे टेबलावर आहेत, बायांनो."

टाळ्या पडल्या. रोवेना उभी राहिली. तिचा चेहरा पार पडला होता. मी तिच्या कानाशी म्हटलं, "बोल! सांग तिला!" तिने फक्त तबिथाकडे पाहिलं आणि बसली. मला कळत होतं. ती यादी, तो रसायनाचा वर्ग, आणि ती पर्स मार्लिसच्या काखेत. ड्वाइट टाळ्या वाजवत होता, बैलोबा. त्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे करून मार्लिसच्या हातात द्यावेत असं मला झालं होतं.

मग मुलांची पाळी आली. तबिथाला आईने सांगून ठेवलं होतं की ती पहिली वही घरातच ठेवायची. तिने कोंबड्यांवर दुसरी केली होती. ती पुढे गेली. दप्तरातून वही काढली आणि थांबली. तिच्या हातात दोन वह्या होत्या.

"आई?" ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना रोवेनाकडे वळल्या. मला वाटतं, त्या क्षणी तिने पुन्हा एकदा हिशेब केला असावा. एका बाजूला रसायनाचा वर्ग. दुसऱ्या बाजूला तिच्या आईचा पाय, आणि हे सगळं पाहणारी तिची मुलगी.

"कोंबड्या नकोत," रोवेना म्हणाली. "खरी वाच."

तबिथाने वाचलं. तिला सुरात वाचता येत नाही, सपाट वाचते ती, आणि त्यामुळे ते आणखीच झोंबलं.

"प्राण्याचं नाव, आई. निवास, स्वयंपाकघर. आठ जानेवारी, सकाळी सात दहा. उभी. मायकाच्या ताटातलं अर्धं अंडं. सात वीस. उभी. ज्युडिथच्या पावाच्या कडा. नऊ वाजता अपूर्णांक, पाच बिस्किटं, सगळी मोडलेली."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बारा जानेवारी ते वीस जानेवारी. प्राणी पावडर पितो. ताटातलं उरलेलंही खातो. वजन दोन पौंड वाढलं. एकवीस जानेवारीला डबा वॉशिंग मशीनवर."

"तबिथा, राजा, पुरे आता," मार्लिस म्हणाली.

"आई म्हणाली वाच," तबिथा म्हणाली, आणि पान उलटलं. मी मार्लिसकडे पाहत होते, मग ड्वाइटकडे, आणि मला आत कुठेतरी गारेगार वाटत होतं. बरी जिरली एकेकाची!

"एकवीस जानेवारी, रविवार. फ्रीडा आत्या आली. जेवताना प्राणी अकरा वेळा काहीतरी आणायला धावला. बाबांसाठी चार वेळा. आम्हा मुलांसाठी तीन. आत्यासाठी चार. आत्याने पाव गरम करून मागितला. मग लोणी मऊ नाही म्हणाली. आत्या म्हणाली, रोवेना, तू किती खातेस गं, जरा आवर."

मी म्हटलं होतं तसं. अगदी तसंच म्हटलं होतं. बावीस वर्षं तीनशे पोरांना वाढून आले होते ना मी, मग रविवारी मला कोणीतरी वाढायला नको? रोवेना माझ्याकडे बघत नव्हती. माझ्यापासून तिने चार महिने ती पानं लपवली होती, आणि मी तिला 'सांग तिला' म्हणून डिवचत होते. माझा राग कुठे ठेवू हे मला कळेना. तो गेला नाही. त्याने नुसतं माझ्याकडे तोंड फिरवलं.

जूनमध्ये पुढच्या वर्षीची यादी आली. तबिथाचं नाव नव्हतं. रोवेनाने कागद दोनदा वाचला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. तबिथाने दार लावून घेतलं आणि दुपारपर्यंत उघडलं नाही. ते दार मला अजून आठवतं, आणि मार्लिस दिसली की मी रस्ता बदलत नाही, मुद्दाम समोरून जाते.

त्या रविवारी मी नेहमीसारखी जेवायला गेले. निळं ताट टेबलाच्या टोकाला होतं, आणि रोवेना त्याच्यासमोर बसली होती, रविवार असून. माझा पाव गार होता. मी तो गारच खाल्ला. ड्वाइटची ग्रेव्ही संपली. त्याने वाडगं उचललं आणि उंच धरलं.

रोवेना शेंगा चावत होती. मुलं थांबली. वाडगं तसंच वर.

तबिथाने खुर्चीखालून वही काढली, कोरी, नवी. घड्याळाकडे पाहिलं आणि लिहायला लागली.

"काय लिहितेस?" ड्वाइटने विचारलं.

"बारा वाजून बावीस मिनिटं," ती म्हणाली. "बाबा. बसलेले."

ड्वाइट माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? माझ्याबद्दल आधीच लिहून झालंय."

तो उठला. ओट्यापाशी गेला आणि तिथे उभा राहिला. एक खण उघडला, बंद केला, दुसरा उघडला.

"पळी कुठे असते?" त्याने विचारलं.

सोळा वर्षांच्या संसारानंतर. रोवेनाच्या तोंडात घास होता. तिने तो संपवला, आणि मग दुसरा घेतला.